उत्सर्जनापासून पीपीएमपर्यंत: २१०० सालच्या हरितगृह वायूंचे आकडे कसे काढतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: प्रबंधासाठी पश्चिम घाटातल्या पावसावर प्रादेशिक हवामान मॉडेल चालवायचं आहे. त्याला २१०० पर्यंतची कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड यांची संहती (हवेतलं प्रमाण) द्यावी लागते. मौना लोआचा (हवाईतल्या वेधशाळेतल्या मोजणीचा) आलेख पुढे ओढून चालेल का, की हवामान मॉडेलांसाठी आधीच बनवलेल्या संहतीच्या तयार फायली वापरायच्या? आणि त्या फायलींतले आकडे मुळात येतात कुठून?

आलेख ओढू नका, तयार फायली वापरा. मात्र त्या कशा बनल्या हे नीट समजून घ्या, कारण निष्कर्षांवर पहिला आक्षेप नेमका इथेच येतो.

मौना लोआवर १९५८ मध्ये चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मोजणी सुरू केली तेव्हा हवेत सुमारे ३१५ पीपीएम (हवेच्या दहा लाख रेणूंमागे ३१५) कार्बन डायऑक्साइड होता. आज जागतिक सरासरी ४२० च्या पुढे गेली आहे. वार्षिक सरासरीची ही रेषा इतकी गुळगुळीत दिसते की तिला वर्गसमीकरण बसवून २१०० पर्यंत न्यावंसं वाटतं. पाच-दहा वर्षांसाठी तो अंदाज फारसा चुकणारही नाही. पण रेषेच्या मागे दोन वेगळ्या गोष्टी आहेत: माणसाने हवेत सोडलेला कार्बन, आणि त्यातला समुद्र व जमीन यांनी शोषून घेतलेला वाटा. पुढच्या ऐंशी वर्षांत या दोन्ही गोष्टी आपापल्या कारणांनी बदलणार आहेत. जुन्या आलेखात त्याची काहीच माहिती नाही.

म्हणून काम या क्रमाने होतं: उत्सर्जनाचं परिदृश्य (भविष्याचं एक गृहीत चित्र) ठरवायचं, ते ऐतिहासिक नोंदींशी सांधायचं, प्रत्येक वायूचं चक्र सोडवून जागतिक सरासरी संहती काढायची, आणि मग ती अक्षांश व महिन्यांत वाटायची.

पहिली पायरी अर्थशास्त्राची आहे. लोकसंख्या, ऊर्जेची मागणी, शेती, जंगलतोड, धोरणं यांवरून एकात्मिक मूल्यांकन मॉडेलं उत्सर्जन काढतात. सध्याच्या एसएसपी परिदृश्यांत (समाज आणि अर्थव्यवस्था पुढे कशी वळेल याच्या पाच कथांवर ती बेतलेली आहेत) प्रत्येक कथेसाठी एक प्रमुख मॉडेल निवडलेलं आहे: एसएसपी१ साठी इमेज, एसएसपी२ साठी मेसेज-ग्लोबिओम, एसएसपी३ साठी एआयएम, एसएसपी४ साठी जीकॅम आणि एसएसपी५ साठी रेमाइंड-मॅगपाय. नावातला दुसरा आकडा (२.६, ४.५, ७.०, ८.५) हा २१०० सालच्या आसपासचा रेडिएटिव्ह फोर्सिंगचा (पृथ्वीच्या ऊर्जा-ताळेबंदावर पडणाऱ्या जादा भाराचा) अंदाज आहे, चौरस मीटरला वॅटमध्ये. तो अंश सेल्सिअस नाही आणि संभाव्यताही नाही. कोणत्याही परिदृश्याला संभाव्यता जोडलेली नसते, हे प्रबंधात स्पष्ट लिहा.

दुसऱ्या पायरीकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही, आणि तिथेच आकडे बिघडतात. समजा मूल्यांकन मॉडेलचं २०१५ चं मिथेन उत्सर्जन आणि ऐतिहासिक नोंदवहीतलं त्याच वर्षाचं उत्सर्जन यांत दहा टक्के फरक आहे. दोन्ही मालिका तशाच जोडल्या तर २०१५ ला पायरी पडते. ती पायरी संहतीच्या उतारात उतरते आणि मग तापमानातही. सांधण्याची साधी पद्धत अशी: आधारवर्षाचं गुणोत्तर काढायचं, परिदृश्याला त्याने गुणायचं, आणि २०५० किंवा २०८० पर्यंत ते गुणोत्तर हळूहळू १ वर आणायचं. पण जिथे उत्सर्जन शून्य ओलांडून ऋण होतं, म्हणजे जमीन-वापराचा कार्बन किंवा दुसऱ्या अर्धशतकातला एकूण कार्बन, तिथे गुणोत्तर वापरलं तर निरर्थक आकडे येतात. अशा मालिकांना फरक मिळवायचा आणि तो फरक शून्यावर आणायचा. ॲनेरिस हे पायथॉनमधलं साधन ही निवड मालिका पाहून आपोआप करतं, तरी प्रत्येक मालिकेला कोणती पद्धत लागली याची यादी काढून डोळ्यांखालून घालावी. मूल्यांकन मॉडेलं पाच किंवा दहा वर्षांच्या टप्प्यांनी आकडे देतात. मधली वर्षं भरताना उत्सर्जन भरा, संहती भरू नका.

आता मूळ हिशेब. कार्बन डायऑक्साइडसाठी दोन रूपांतरणं पाठ हवीत: १ पीपीएम म्हणजे हवेत सुमारे २.१२४ गिगाटन कार्बन, आणि १ टन कार्बन म्हणजे ३.६६४ टन कार्बन डायऑक्साइड. जीवाश्म इंधनं, सिमेंट आणि जमीन-वापर मिळून आज वर्षाला सुमारे ११ गिगाटन कार्बन हवेत जातो. गेल्या सहा दशकांत त्यातला साधारण ४४ ते ४५ टक्के हवेत राहिला, बाकीचा समुद्र आणि जमिनीने घेतला. ११ ला ०.४५ ने गुणून २.१२४ ने भागलं की वर्षाला सुमारे २.३ पीपीएम येतात, आणि अलीकडच्या वर्षांची सरासरी वाढ साधारण तेवढीच आहे.

याच हिशेबाने २०२० चं कोडंही सुटतं. त्या वर्षी टाळेबंदीमुळे जीवाश्म उत्सर्जन पाच-सव्वापाच टक्क्यांनी घटलं, म्हणजे सुमारे अर्धा गिगाटन कार्बन. संहतीत त्याचा परिणाम एक दशांश पीपीएमच्या आसपास. एल निनो आणि ला निना यांच्यामुळे जमिनीचं शोषण दरवर्षी वर-खाली होतं आणि त्यातून येणारा चढउतार जवळजवळ १ पीपीएमचा असतो. त्यामुळे आलेखात खाच दिसली नाही. परिदृश्याच्या फायलींत हा नैसर्गिक चढउतार नसतो. म्हणून एका वर्षाच्या मोजणीशी फाईलमधला एक आकडा ताडून ‘परिदृश्य चुकलं’ असं म्हणू नये.

हवेत उरणारा वाटा ०.४५ असा पक्का धरून २१०० पर्यंत जाणं ही सर्वांत सामान्य चूक आहे. हा वाटा निसर्गाचा स्थिरांक नव्हे. उत्सर्जन दीर्घकाळ वाढत राहिलं म्हणून तो जवळपास स्थिर दिसला. उत्सर्जन शून्यावर आणा: ०.४५ गुणिले शून्य म्हणजे संहती जागच्या जागी थांबते, असं हे सूत्र सांगेल. प्रत्यक्षात समुद्र जुना कार्बन शोषत राहतो आणि संहती हळूहळू उतरते. उत्सर्जन ऋण झालं की सूत्राला अर्थच उरत नाही. आयपीसीसीच्या (हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या) सहाव्या अहवालातले आकडे बोलके आहेत: १८५० ते २१०० च्या एकूण उत्सर्जनातला जमीन-समुद्राचा वाटा एसएसपी१-१.९ मध्ये ७० टक्के, एसएसपी२-४.५ मध्ये ५४ टक्के आणि एसएसपी५-८.५ मध्ये फक्त ३८ टक्के.

याहून बरी पद्धत म्हणजे आवेग-प्रतिसाद फलन. आज सोडलेल्या कार्बनचे चार भाग मानायचे: ०.२१७३ भाग या कालमानावर हवेतच राहतो, ०.२२४० भाग ३९४.४ वर्षांच्या, ०.२८२४ भाग ३६.५४ वर्षांच्या आणि ०.२७६३ भाग ४.३०४ वर्षांच्या कालांकाने घटतो. एक्सेल शीटमध्ये हे करून पाहा. २० वर्षांनी सुमारे ६० टक्के आणि १०० वर्षांनी ४१ टक्के उरला पाहिजे. तसा आला नाही तर सूत्रात घातांकाचं चिन्ह किंवा कालांक चुकला आहे. दरवर्षीच्या उत्सर्जनाला हे फलन लावून बेरीज केली की पहिला समंजस अंदाज मिळतो.

त्यालाही मर्यादा आहे. हे गुणांक आजच्या आसपासच्या पार्श्वभूमीसाठी काढलेले आहेत. पाण्यात कार्बन मुरत गेला की समुद्राची रासायनिक क्षमता घटते, पाणी तापलं की विद्राव्यता घटते, आणि माती तापली की तिच्यातला श्वसनाचा कार्बन वाढतो. म्हणून फेअर हे साधं हवामान मॉडेल हेच चार कप्पे ठेवतं, पण आतापर्यंत शोषलेला एकूण कार्बन आणि तापमान यांवरून कालांक लांबवत नेतं. मॅजिक आणि हेक्टर ही मॉडेलं जमीन आणि समुद्राचे कप्पे अधिक तपशिलाने धरतात. शिकण्यासाठी फेअर घ्या: ते पायथॉनमध्ये खुलं आहे, कोड वाचता येतो, आणि शेकडो पॅरामीटर-संच साध्या लॅपटॉपवर चालतात.

इथली अनिश्चितता किती मोठी आहे हे एका तुलनेतून कळेल. एसएसपीच्या आधीच्या पिढीतल्या आरसीपी८.५ या परिदृश्यासाठी सर्वांना दिलेली २१०० ची संहती ९३६ पीपीएम होती. त्याच उत्सर्जनावर सीएमआयपी५ (जगभरच्या हवामान मॉडेलांच्या तुलनेच्या प्रकल्पाची पाचवी फेरी) मधल्या पृथ्वी-प्रणाली मॉडेलांनी स्वतःचं कार्बनचक्र चालवलं तेव्हा उत्तरं सुमारे ७९५ ते ११४५ पीपीएम अशी पसरली. शिवाय पर्माफ्रॉस्ट, म्हणजे ध्रुवाजवळच्या गोठलेल्या जमिनीचा कार्बन, बहुतेक मोठ्या मॉडेलांत नाही. सहाव्या अहवालाचा अंदाज २१०० पर्यंत दर अंश तापमानवाढीमागे १८ गिगाटन कार्बनचा आहे, पण त्याची मर्यादा ३ पासून ४१ पर्यंत जाते. १८ गिगाटन सगळा हवेत राहिला तर साडेआठ पीपीएम होतो. काही भाग शोषला जातो, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी.

मिथेनचं गणित वेगळं आहे, कारण तो साठत नाही, हवेतच नष्ट होतो. दरवर्षीचा बदल = उत्सर्जन भागिले २.७५ (१ पीपीबी म्हणजे इतके टेराग्रॅम मिथेन), वजा संहती भागिले आयुर्मान (वायू हवेत सरासरी किती वर्षं टिकतो). उत्सर्जन टेराग्रॅममध्ये (१ टेराग्रॅम म्हणजे दहा लाख टन), संहती पीपीबीमध्ये (हवेच्या अब्ज रेणूंमागे किती). एकूण उत्सर्जन ५८० टेराग्रॅम आणि आयुर्मान ९.१ वर्षं घालून समतोल काढला तर सुमारे १,९२० पीपीबी येतात, म्हणजे आजच्या मोजणीच्या जवळ.

आता मानवी मिथेन (सुमारे ३६० टेराग्रॅम) ३० टक्क्यांनी कमी करू. एकूण उत्सर्जन ४७२ होतं आणि साध्या सूत्राने नवा समतोल सुमारे १,५६० पीपीबी. हे उत्तर अपुरं आहे. मिथेनला मुख्यतः हायड्रॉक्सिल मूलक (हवेतला अतिशय क्रियाशील कण) खातो आणि मिथेन स्वतःच हायड्रॉक्सिल कमी करतो. मिथेन घटला की हायड्रॉक्सिल वाढतो आणि उरलेला मिथेन अधिक वेगाने जातो. म्हणून लहान बदलासाठी आयुर्मान ९.१ नव्हे, ११.८ वर्षं धरतात; दोहोंचं गुणोत्तर सुमारे १.३. उत्सर्जनातला टक्केवारी बदल साधारण १.३ पटीने संहतीत उतरतो. म्हणजे ४७२ भागिले ५८० या गुणोत्तराला १.३ चा घात दिल्यावर समतोल सुमारे १,४७० पीपीबीवर येतो. नव्वद पीपीबींचा हा फरक केवळ या एका प्रतिपोषणाचा (फीडबॅकचा) आहे.

हायड्रॉक्सिल इतर वायूंवरही ठरतो: नायट्रोजन ऑक्साइडांनी तो वाढतो, कार्बन मोनॉक्साइड आणि बाष्पशील सेंद्रिय संयुगांनी घटतो. म्हणजे वाहनं आणि चुलींच्या धुराचं परिदृश्य हाती नसेल तर मिथेनचं भाकीतही अर्धवट राहतं. दलदलींसारख्या नैसर्गिक स्रोतांचा आकडा बहुधा मागे हिशेब करून काढतात: ऐतिहासिक संहती जुळण्यासाठी जेवढं कमी पडतं तेवढं नैसर्गिक, आणि पुढे तेच स्थिर. ही गृहीतकं नाजूक आहेत. २००० ते २००६ या काळात मिथेन जवळजवळ स्थिर होता आणि २०२० ते २०२२ मध्ये दरवर्षी १३ ते १८ पीपीबींनी वाढला. यातलं काहीही आधीच्या परिदृश्यांत नव्हतं. मिथेनच्या भाकितावर कार्बन डायऑक्साइडइतका भरवसा ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नायट्रस ऑक्साइडला समीकरण तेच; १ पीपीबी म्हणजे सुमारे ४.८ टेराग्रॅम नायट्रोजन, आणि आयुर्मान शंभरावर वर्षं. इथला सापळा एककाचा आहे. काही नोंदवह्या वायूचं वजन देतात, काही फक्त त्यातल्या नायट्रोजनचं. गुणोत्तर ४४ भागिले २८, म्हणजे १.५७. चुकीच्या रकान्यात टाकलं तर मानवी उत्सर्जन ५७ टक्क्यांनी फुगतं आणि आयुर्मान मोठं असल्याने ती चूक शतकभर साठत जाते.

फ्लोरिनयुक्त वायूंना आयुर्मान पुरतं: सीएफसी-११ ला सुमारे ५२ वर्षं, सीएफसी-१२ ला १०२, एचएफसी-१३४ए ला १४. जुन्या फ्रिज आणि फोममध्ये अडकलेला साठा हळूहळू गळतो, म्हणून उत्पादन थांबलं तरी उत्सर्जन थांबत नाही.

एक चूक वारंवार दिसते म्हणून वेगळी सांगतो. मिथेनला २८ ने (शंभर वर्षांच्या तापमान-परिणामाच्या तुलनेच्या आकड्याने) गुणून ‘समतुल्य कार्बन डायऑक्साइड’ करायचं, सगळं एकत्र जमवायचं आणि कार्बनच्या सूत्रात घालायचं, असं करू नका. त्या सूत्रात १०० वर्षांनी ४१ टक्के वायू शिल्लक राहतो. खरा मिथेन तोवर जवळजवळ संपलेला असतो. समतुल्य संहती हवीच असेल तर आधी प्रत्येक वायूची संहती काढा, त्यांचं फोर्सिंग एकत्र करा आणि २७८ गुणिले ‘ई’चा घात (फोर्सिंग भागिले ५.३५) या सूत्राने परत फिरवा.

आकडे वापरण्याआधी भूतकाळावर चाचणी घ्या. १७५० ला २७८ पीपीएमपासून सुरुवात करून ऐतिहासिक उत्सर्जन घातल्यावर २०१९ साठी सुमारे ४१० पीपीएम, १,८६६ पीपीबी मिथेन आणि ३३२ पीपीबी नायट्रस ऑक्साइड यायला हवेत. कार्बन डायऑक्साइड ३-४ पीपीएमहून जास्त चुकला तर आधी एककं पाहा, मग जमीन-वापराचं उत्सर्जन दोनदा मोजलं गेलं का किंवा सुटलं का ते पाहा. वर्षारंभीची संहती आणि वार्षिक सरासरी यांची गल्लत झाली तरी सव्वा पीपीएमचा फरक पडतो. मोजणीची पट्टीही तपासा: जागतिक हवामान संघटनेच्या २००७ आणि २०१९ च्या पट्ट्यांत सुमारे ०.१८ पीपीएमचं अंतर आहे, त्यामुळे जुन्या आणि नव्या मालिका थेट जोडू नयेत.

अनेक पॅरामीटर-संच चालवले तर संपूर्ण संच निवडा. प्रत्येक वर्षाचा आणि प्रत्येक वायूचा वेगळा ९५ वा शतमक (पर्सेंटाइल) घेऊन बनवलेली रेषा कोणत्याच एका कार्बनचक्राची नसते आणि तिच्यात वस्तुमानाचा ताळा बसत नाही.

आता तुमच्या कामाकडे. सुरुवातीला म्हटलेल्या तयार फायली, म्हणजे सीएमआयपी६ च्या (त्याच प्रकल्पाच्या सहाव्या फेरीच्या), मॅजिक ७ ने बनवल्या आहेत: २०१४ पर्यंत मोजणी, २०१५ ते २५०० परिदृश्य, एकूण ४३ वायू. २१०० चा कार्बन डायऑक्साइड एसएसपी१-१.९ मध्ये ३९३ पीपीएम, एसएसपी२-४.५ मध्ये सुमारे ६००, एसएसपी५-८.५ मध्ये ११३५. आरसीपी८.५ च्या ९३६ शी याची तुलना करून कुणी गोंधळतं. फोर्सिंगचं लेबल एकच असलं तरी आरसीपी८.५ मध्ये मिथेन सुमारे ३,७५० पीपीबी होता आणि एसएसपी५-८.५ मध्ये तो २,४०० च्या आसपास आहे. कमी मिथेनची जागा कार्बन डायऑक्साइडने घेतली. पिकांवर किंवा झाडांच्या पाणीवापरावर काम करणाऱ्याने हे विसरू नये, कारण पानाला फोर्सिंग कळत नाही, पीपीएम कळतात.

४३ वायू तुमच्या मॉडेलमध्ये जाणार नाहीत. त्यासाठी दोन सोयी आहेत: तीन मुख्य वायू, सीएफसी-१२ आणि बाकी सगळे मिळून ‘सीएफसी-११ समतुल्य’, किंवा तीन मुख्य वायू, ओझोनला घातक वायूंसाठी ‘सीएफसी-१२ समतुल्य’ आणि उरलेल्या फ्लोरिन वायूंसाठी ‘एचएफसी-१३४ए समतुल्य’. दोन्ही पर्याय मिसळू नका. समतुल्य रकान्याबरोबर खऱ्या सीएफसी-११ चा रकानाही भरला तर तो दोनदा मोजला जातो. आकडे कोरड्या हवेतल्या रेणूंच्या प्रमाणाचे असतात. मॉडेल वस्तुमानाचं प्रमाण मागत असेल तर कार्बन डायऑक्साइडला १.५१९ ने गुणा.

प्रादेशिक मॉडेलातली सर्वांत घातक चूक गुपचूप होते. सीमेवरून येणारी हवा एसएसपी५-८.५ ची, आणि आतल्या प्रारण-गणिताला वायूंचा तक्ता दुसऱ्याच परिदृश्याचा किंवा एकाच जुन्या वर्षाचा. डब्ल्यूआरएफ या प्रादेशिक मॉडेलमध्ये हा तक्ता वेगळ्या मजकूर-फाईलमध्ये असतो. मॉडेल तक्रार न करता चालतं, फक्त तापमानवाढ कमी दाखवतं. धाव सुरू होताच लॉगमध्ये २०९० चा पीपीएम छापून घ्या आणि निवडलेल्या परिदृश्याशी ताडा.

परिदृश्यं निवडताना एसएसपी१-२.६, एसएसपी२-४.५ आणि एसएसपी३-७.० हे त्रिकूट घ्यावं असं मी सुचवेन. एसएसपी५-८.५ मध्ये संकेत मोठा दिसतो म्हणून तो उपयोगी आहे, पण त्याला ‘धोरणं न बदलल्यास असं होईल’ असं म्हणू नये. त्यातला कोळशाचा वापर आजच्या वाटचालीपासून फार दूर आहे. आणि एसएसपी३-७.० मध्ये हवाप्रदूषण-नियंत्रण कमजोर धरलेलं असल्याने एरोसोल (हवेत तरंगणारे सूक्ष्म कण) जास्त राहतात. मोसमी पावसावर त्यांचा थेट परिणाम होतो, म्हणून त्या धावेतला पावसाचा बदल केवळ हरितगृह वायूंच्या नावावर मांडता येत नाही.

स्थानिक मोजणीशी तुलना करायची असेल तर दोन ठिकाणं जवळ आहेत. गोव्यातल्या काबो द रामा किनाऱ्यावर १९९३ पासून हवेचे नमुने घेतले गेले (मध्ये काही वर्षं खंड आहे), आणि पुण्याच्या आयआयटीएमने (भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने) २००९ पासून सिंहगडावर. पावसाळ्यात नैऋत्य वारे अरबी समुद्रावरून, दक्षिण गोलार्धाच्या बाजूची हवा आणतात. हिवाळ्यात जमिनीवरची हवा येते. त्यामुळे इथला ऋतुचक्राचा आकार जागतिक सरासरीहून वेगळा आहे. तुलना करताना फाईलमधला योग्य अक्षांश-पट्टा (हे पट्टे १५ अंशांचे आहेत) आणि मासिक मूल्यं घ्या. सिंहगडाचा एक महिना जागतिक वार्षिक सरासरीशेजारी ठेवला तर काही पीपीएमचा फरक दिसेलच, आणि तो परिदृश्याचा दोष नसेल.